टॉर्चचा उजेड कुठल्या रंगाचा हवा

नवीन टॉर्च घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, किती लुमेनची, म्हणजे एकूण उजेड किती? मग किती लांब मारते, मग टाइप-सी चार्जिंग आहे का, मग पावसात चालेल का. उजेडाचा रंग कसला आहे हे कोणी विचारत नाही, दुकानदार सांगत नाही आणि खोक्यावर पण बऱ्याचदा छापलेलं नसतं. मला तर हाच प्रश्न सगळ्यात आधीचा वाटतो, कारण लुमेन थोडे कमी-जास्त झाले तर डोळ्याला पत्ताही लागत नाही, पण रंग नको तसला निघाला तर ती टॉर्च हातात घ्यावीशीच वाटत नाही, ड्रॉवरमध्ये पडून राहते. म्हणून आज फक्त केल्विनवर, म्हणजे उजेडाचा रंग सांगणाऱ्या आकड्यावर लिहितेय, आणि लांबणार आहे.

माझं मत आधीच सांगते. एकच टॉर्च घेणार असाल तर ४००० ते ४५०० केल्विनची घ्या आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वरचा बघा, भले लुमेन कमी मिळोत. हे मत भिंतीवर उजेड मारून झालेलं नाही, ठाण्यात राहून, पावसाळ्यात लाईट गेल्यावर, सोसायटीच्या मीटर रूममध्ये, येऊरच्या रस्त्यावर आणि सह्याद्रीतल्या रात्रीच्या वाटांवर टॉर्च वापरून झालेलं आहे. आणि मला वाटतं टॉर्चचा रंग ठरवायची जागा तीच आहे, जिथे आपण ती खरोखर वापरतो आणि ज्या वस्तू बघायला वापरतो.

आता केल्विन म्हणजे काय ते पटकन. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापलं की आधी लालबुंद होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि अजून तापवलं तर पांढऱ्याकडे जातं. प्रकाशाचं तापमान मोजायची पद्धत त्यावरूनच आली आहे, म्हणजे एखादी आदर्श काळी वस्तू किती केल्विनला तापवली की त्या रंगाने उजळेल तो आकडा. मेणबत्ती साधारण १९००, घरातला जुना काचेचा बल्ब २७००, हॅलोजन ३००० च्या आसपास, दुपारचं ऊन ५००० ते ५५००, आणि आपल्या बहुतेक घरांमध्ये जी पांढरी ट्यूब किंवा एलईडी असते, जिच्या खोक्यावर कूल डेलाईट लिहिलेलं असतं, ती ६५००. म्हणजे आकडा वाढला की निळसर, ज्याला थंड म्हणतात, आणि आकडा उतरला की पिवळा-तांबूस, म्हणजे उबदार.

पूर्वीच्या दोन सेलवाल्या पितळी टॉर्चमध्ये तारेचा छोटा बल्ब असायचा आणि तिथे हे तापमान अक्षरशः तारेचं तापमान होतं. म्हणून सेल उतरायला लागले की तार कमी तापायची आणि उजेड पिवळ्याचा तांबडा व्हायचा. ज्यांनी ती टॉर्च वापरली आहे त्यांना आठवत असेल, उजेडाच्या रंगावरूनच कळायचं की सेल बदलायला आलेत. एलईडीमध्ये असं होत नाही, तिथे रंग वेगळ्याच मार्गाने येतो, त्यावर खाली येते.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते आणि खरेदी करताना ती खूप उपयोगी पडते. केल्विनचे आकडे डोळ्याला सारख्या अंतरावर दिसत नाहीत. २७०० आणि ३००० मध्ये फक्त ३०० चा फरक आहे पण शेजारी ठेवले तर लगेच कळतो, आणि ६००० आणि ६५०० मध्ये ५०० चा फरक असून जवळजवळ कळत नाही. लायटिंगवाले म्हणून मायरेड नावाचं माप वापरतात, दहा लाखाला केल्विनने भागायचं, बस. २७०० चे होतात ३७०, ३००० चे ३३३, म्हणजे फरक ३७ चा. ६००० चे १६७ आणि ६५०० चे १५४, फरक फक्त १३. आता याच हिशोबाने बघा, ४००० म्हणजे २५०, ५००० म्हणजे २००, ६५०० म्हणजे १५४. म्हणजे ४००० वरून ५००० ला जाणं आणि ५००० वरून ६५०० ला जाणं हे डोळ्यासाठी जवळपास सारखंच. त्यामुळे ५७०० घेऊ का ६५०० यावर डोकं लावू नका, दोन्ही थंडच वाटणार आहेत, पण ३५००, ४०००, ४५०० यातलं काय घ्यायचं यावर नक्की वेळ घालवा कारण तिथे एकेका पायरीला टॉर्चचा स्वभाव बदलतो.

एलईडीमध्ये पांढरा रंग कसा तयार होतो हे एकदा कळलं की बाकीचं सगळं जुळतं. आत मुळात निळी एलईडी असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो, तो काही निळा प्रकाश गिळतो आणि पिवळा बाहेर टाकतो, उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्याला पांढरं दिसतं. याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी ते काम केलं तेव्हा ते जपानच्या निचिया कंपनीत होते, आणि टॉर्चच्या दुनियेत आजही निचियाच्या एलईडीचं नाव निघालं की लोकांचे डोळे चमकतात. आता उजेड उबदार करायचा असेल तर फॉस्फर जास्त लागतो आणि त्यात लाल देणारा पण मिसळावा लागतो. निळ्याचं लाल करताना काही ऊर्जा उष्णतेत जातेच, शिवाय खोल लाल रंग डोळ्याला मुळातच कमी उजळ भासतो, त्यामुळे एकाच जातीची एलईडी ६५०० ला साध्या सीआरआयची घेतली तर लुमेन जास्त आणि ४००० ला ९० सीआरआयची घेतली तर साधारण पाव भाग कमी. कंपन्यांना खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो म्हणून बाजारात सगळीकडे निळसर टॉर्च दिसतात. पण पाव भाग लुमेन कमी झाले हे अंधारात उभं राहिल्यावर कोणाला कळत नाही, खरंच नाही कळत. उजेड दुप्पट वाटायला दुप्पट लुमेन पुरत नाहीत, कितीतरी पट लागतात, डोळा तसाच बनलेला आहे. मग त्या न दिसणाऱ्या पाव भागासाठी रोज दिसणारे रंग का सोडायचे?

आणि इथे सीआरआय येतो, कारण नुसते केल्विन बघून भागत नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रस्त्यावरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे. साधारण २००० केल्विन, म्हणजे मेणबत्तीच्या जवळचा उबदार रंग, पण त्यात सीआरआय जेमतेम २० ते २५. पार्किंगमध्ये लावलेली लाल गाडी आणि तपकिरी गाडी त्या दिव्याखाली ओळखता यायची नाही, सगळं एका मातकट रंगात. मेणबत्तीत मात्र त्याच गाड्या बरोबर ओळखू आल्या असत्या. म्हणजे उजेड पिवळा आहे की निळा हा एक प्रश्न, आणि त्या उजेडात रंग जिवंत राहतात की मरतात हा पूर्ण वेगळा प्रश्न. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो आणि त्यात गडद लाल धरलेलाच नसतो, तो आर९ म्हणून वेगळा मोजतात. स्वस्तातल्या थंड एलईडीमध्ये हा आर९ शून्याच्या खाली पण जातो, आणि माणसाची त्वचा, रक्त, माती, लाकूड, टोमॅटो, कुंकू, हे सगळं त्या लालवर अवलंबून असतं.

जांभळी नाक्यावर साडीच्या दुकानात आई अजूनही साडी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत येते आणि बाहेरच्या उजेडात धरून बघते, आत कितीही झगमगाट असो. माझ्या दृष्टीने ही सीआरआयची सगळ्यात पक्की तपासणी आहे. आतल्या दिव्यात मोरपंखी वाटणारा काठ बाहेर आल्यावर सरळ हिरवा निघतो, आणि जुळवून घेतलेला ब्लाऊजपीस बाहेर आला की वेगळाच दिसतो.

टॉर्चच्या बाबतीत हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते आमच्या मीटर रूममध्ये. जुनी बिल्डिंग आहे, थ्री फेजच्या वायरी लाल, पिवळ्या, निळ्या आणि न्यूट्रल काळी, सगळ्यांवर वर्षानुवर्षांची धूळ. इलेक्ट्रिशियन दादा आले होते, त्यांच्याकडे डोक्याला लावायची नेहमीची निळसर टॉर्च. त्या उजेडात धूळ बसलेली लाल वायर विटकरी-काळपट दिसत होती आणि काळी वायर करड्या रंगाची, दोघींमध्ये फरक करायला दादा वायर हाताने पुसत होते. मी माझी ४००० वाली लावली आणि लाल ती लाल दिसली, धुळीखालून सुद्धा. दादा म्हणाले, "ताई, तुमच्या बॅटरीचा उजेड कमी आहे पण दिसतंय बरोबर." त्यांच्या टॉर्चचे लुमेन माझ्यापेक्षा नक्कीच जास्त होते. मला जे सांगायचं आहे ते त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

जंगलाकडे येते. येऊरला अंधार पडल्यावर जंगलात आत जायचं नसतंच, नॅशनल पार्कचा भाग आहे तो, मी गावच्या रस्त्याबद्दल आणि पायथ्याच्या वस्त्यांबद्दल बोलतेय. पावसाळ्यात तिथे रस्त्याच्या कडेला पालापाचोळा, ओल्या फांद्या आणि साप सगळं एकत्र असतं. घोणस तपकिरी, तिच्यावर गडद तपकिरी ठिपके, आणि खालचा पाचोळा पण तपकिरीच. थंड टॉर्चमध्ये हे सगळे तपकिरी एकाच राखाडी पातळीवर येतात आणि वस्तू फक्त आकारावरून ओळखावी लागते. चांगल्या सीआरआयच्या ४००० ते ४५०० च्या उजेडात पाचोळ्याचा कुजका तपकिरी वेगळा, भिजलेल्या काठीचा वेगळा, आणि सापाच्या अंगावरच्या ठिपक्यांची कड वेगळी दिसते. मण्यार काळी आणि पांढऱ्या पट्ट्यांची असल्यामुळे ती कुठल्याही उजेडात दिसेल, पण घोणस आणि फुरसं यांच्यासाठी मला रंग हवा म्हणजे हवाच. पायाखाली बघायची टॉर्च असेल तर हे कारण एकटंच मला पुरेसं आहे.

सह्याद्रीचा दगडही असाच. आपला बेसाल्ट काळा, ओला झाला की अजून काळा, आणि त्यावरचं शेवाळ कधी हिरवं, कधी काळपट हिरवं. कळसूबाईला रात्री चढताना किंवा माहुलीच्या वाटेवर पहाटे अंधारात पाय कुठे टाकायचा हे ठरवताना नुसता चमकणारा ओला दगड आणि शेवाळलेला दगड यातला फरक कळणं म्हणजे न घसरणं. निळसर उजेड ओल्या दगडावर चकाकी फार देतो असं मला वाटतं आणि त्या चकाकीत हिरवा बुडतो. ४५०० ला हिरवा आणि काळा छान सुटे होतात, आणि ३००० ला उलट अडचण, तिथे सगळ्यावर पिवळी छटा चढल्यामुळे शेवाळाचा हिरवा दबतो. म्हणून ट्रेकसाठी मी ३००० घेत नाही, अगदी आवडत असला तरी. नवी मुंबईच्या मैत्रिणी प्रबळगडाला, पेबला जातात त्यांनाही मी हेच सांगते, पायाखालच्या उजेडाला ४००० च्या खाली जाऊ नका आणि ५००० च्या वरही नको.

धुक्याबद्दल लोक फार ठामपणे बोलतात की पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाईट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब काही मायक्रॉनचे असतात आणि प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे थेंब मोठे, आणि इतक्या मोठ्या थेंबांवरून निळा, पिवळा, लाल सगळे जवळपास सारखेच विखुरतात. आकाश निळं दिसतं ते हवेच्या अतिशय बारीक रेणूंमुळे, तो नियम इथे लागू होत नाही. माळशेजच्या धुक्यात किंवा हरिश्चंद्रगडावर समोर जी पांढरी भिंत उभी राहते ती टॉर्च कपाळावर असल्यामुळे, कारण उजेड जिथून निघतो तिथेच परत येतो, थेट डोळ्यात. टॉर्च कपाळावरून काढून कमरेच्या उंचीला धरा, लगेच वाट दिसायला लागते. तरी एक नक्की, ती परत येणारी भिंत निळसर पांढरी असण्यापेक्षा उबदार असली की डोळ्याला कमी टोचते. धुकं जास्त पारदर्शक होत नाही, त्रास कमी होतो, आणि तासभर चालायचं असेल तर त्रास कमी होणं ही मोठी गोष्ट आहे. मुसळधार पावसात पण अगदी हेच.

घरात लाईट गेल्यावरचा हिशोब वेगळा. तिथे मला २७०० ते ३००० हवा, आणि तो छताकडे तोंड करून ठेवलेला, म्हणजे सगळ्या खोलीत मऊ पसरतो. १९४१ मध्ये फिलिप्स कंपनीतल्या क्रुइथॉफ नावाच्या संशोधकाने एक आलेख मांडला होता की उजेड कमी असेल तेव्हा माणसाला उबदार रंग बरा वाटतो आणि भरपूर उजेड असेल तेव्हा थंड रंग चालतो. नंतरच्या अभ्यासांमध्ये तो आलेख जसाच्या तसा टिकलेला नाही, पण पहिल्या भागाबद्दल माझा अनुभव अगदी पक्का आहे. कमी ब्राइटनेसवर ६५०० चा उजेड घरातल्या माणसांचे चेहरे आजारी करून टाकतो. जेवणाच्या ताटात आमटी करडी दिसते, भात निळसर. ३००० ला तीच आमटी आमटीसारखी दिसते आणि सासूबाई पण "ही ठेव, ती पांढरी नको" असं स्वतःहून म्हणतात, त्यांना केल्विनशी काही देणंघेणं नाही.

रात्री उठून पाणी प्यायला किंवा बाळाकडे बघायला जायचं असेल तर अजूनच उबदार आणि अजूनच मंद. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र बघण्यासाठी नाहीत, दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी आहेत, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याला सगळ्यात जास्त दाद देतात. निळा जितका कमी तितकी झोप परत लागायला सोपी. मात्र इथे ब्राइटनेसचा वाटा रंगापेक्षा मोठा आहे, २७०० ची टॉर्च फुल पॉवरवर तोंडावर मारली तर झोप उडणारच.

किडे हा आपल्याकडे पावसाळ्यातला रोजचा विषय. बहुतेक रात्रीचे किडे अतिनील आणि निळ्याकडे ओढले जातात, त्यामुळे तंबूत किंवा गावातल्या अंगणात उबदार टॉर्च लावली की किडे कमी येतात, बंद होत नाहीत पण कमी येतात. आणि काजवे बघायला जाणाऱ्यांना हात जोडून सांगते. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला राजमाचीला, भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला गर्दी होते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईलची निळसर टॉर्च. काजव्यांचं सगळं चमकणं जोडीदार शोधण्यासाठी असतं, नर चमकतो आणि मादी उत्तर देते, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. तिथे ना ४००० ना २७००, फक्त लाल, तोही अगदी मंद, जमिनीकडे धरलेला, आणि जागेवर पोहोचल्यावर तोही बंद.

आता थंड उजेडाची बाजू पण मांडायला हवी कारण तो काही वाईट नाही, त्याची कामं वेगळी आहेत. दरीच्या पलीकडे माणूस शोधायचा असेल, लांब मारा हवा असेल तर ५७०० ते ६५०० ची टॉर्च त्याच बॅटरीवर जास्त लांब जाते. शिवाय खूप कमी उजेडात डोळ्याची संवेदना निळ्याकडे सरकते, १८१९ मध्ये पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे नोंदवलं होतं. पहाटे फिरायला गेल्यावर जास्वंद काळपट दिसते आणि तिची पानं मात्र उजळ, ते त्यामुळेच. त्यामुळे लांबच्या अंधुक वस्तू थंड उजेडात थोड्या जास्त उजळ वाटतात. दुसरं म्हणजे पिवळेपणा ओळखायचा असेल तिथे उबदार टॉर्च अजिबात चालत नाही. बाळाला कावीळ आहे का हे डॉक्टर दिवसाच्या उजेडात बघतात ते याचसाठी, २७०० मध्ये सगळ्यांचीच कातडी पिवळी. तसंच आंब्याचं. हापूसची पेटी रात्री उघडली आणि ३००० ची टॉर्च मारली की सगळे आंबे तयार वाटतात, देठाजवळची हिरवट झाक दिसतच नाही, आणि ६५०० च्या निकृष्ट टॉर्चमध्ये त्याच पेटीतले पिकलेले आंबे फिके, रोगट. ५००० च्या चांगल्या सीआरआयच्या उजेडात केशरी कुठे सुरू होतो आणि हिरवा कुठे संपतो ते फळावर बोट ठेवून सांगता येतं.

केल्विन आणि सीआरआय झाल्यावर तिसरी गोष्ट राहते, टिंट. दोन टॉर्च दोन्ही ४००० च्या असतील तरी एक हिरवट आणि दुसरी गुलाबी दिसू शकते, कारण केल्विनचा आकडा फक्त पिवळा ते निळा एवढंच सांगतो, रंगांच्या आलेखावर त्या पिवळ्या-निळ्या रेषेच्या वर गेलं की हिरवट आणि खाली गेलं की गुलाबी, आणि हे अंतर डीयूव्ही म्हणून वेगळं देतात. शून्याच्या किंचित खाली असलेला गुलाबीसर उजेड मला फार आवडतो, त्यात हात, चेहरे, लाकूड सगळं तजेलदार दिसतं. निचियाची २१९बी ही एलईडी याच गुलाबी छटेसाठी नावाजलेली होती आणि आता ५१९ए तिच्या जागी बरीच चालते. सॅमसंगची एलएच३५१डी ९० सीआरआयला चांगली आहे पण थोडी हिरवटाकडे झुकते, आणि ल्युमिनसची एसएसटी-२० ४००० केल्विनला लाल फार सुंदर दाखवते पण अगदी मंद मोडवर तीही हिरवट होते. करंट वाढवला की बहुतेक एलईडी थोड्या निळ्याकडे सरकतात, म्हणून टॉर्च तुम्ही नेहमी ज्या मोडवर वापरता त्याच मोडवर तिचा रंग बघा, टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरदार मोडवर नाही. काही हौशी लोक एलईडीवरचा सिलिकॉनचा घुमट कापून टाकतात, त्याने रंग उबदार होतो आणि छटा गुलाबीकडे जाते, ५७०० ची ५१९ए घेऊन असं केलं की केल्विन हजारभर खाली येतात. मी स्वतः तयार ४५०० घेणं पसंत करते, हौस असेल त्यांनी जरूर करावं.

टॉर्च बघायची कशी यावर जरा थांबते. पांढऱ्या भिंतीवर दोन टॉर्च शेजारी शेजारी मारू नका. शेजारी ठेवल्यावर मेंदू दोघींपैकी एकीला पांढरं मानतो आणि दुसरी त्याला पिवळी नाहीतर निळी दिसते, मग ४५०० पण पिवळट वाटते आणि माणूस घाबरून ६५०० घेतो. एका वेळी एकच टॉर्च, पूर्ण अंधारात, काही मिनिटं. डोळा जुळवून घेतो आणि मग खरं कळतं की या उजेडात आपल्याला बरं वाटतंय की नाही. भिंतीऐवजी तळहातावर मारा, बोटांच्या टोकाला लाली दिसते का आणि मनगटावरच्या शिरा कशा दिसतात ते बघा. मग कुंडीतल्या मातीवर, मग एखाद्या लाल कापडावर. मोबाईलने काढलेल्या फोटोंवर तर अजिबात जाऊ नका, मोबाईल प्रत्येक फोटोत पांढरा रंग स्वतःच्या मनाने ठरवतो. तुलना करायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५००० ला बांधून ठेवा आणि दोन्ही फोटो त्याच सेटिंगवर काढा.

खरेदीचं थोडक्यात. स्टेशनबाहेरच्या दुकानात किंवा मुंबईच्या लोहार चाळीत केल्विन विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही, तिथे वरचीच तळहाताची पद्धत. ऑनलाईन घेताना एलईडीचं नाव, केल्विन आणि सीआरआय हे तिन्ही लिहिलेलं असेल तरच पुढे जा. कॉनव्हॉय, वुरकॉस, सोफर्न, स्किलहंट या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे स्पष्ट दिलेलं असतं आणि कॉनव्हॉयच्या एस२+ मध्ये तर एकाच टॉर्चला कितीतरी केल्विनचे पर्याय असतात. नुसतं "न्यूट्रल व्हाइट" लिहिलं असेल तर आकडा विचारा, ४००० पण न्यूट्रल म्हणून विकतात आणि ५००० पण, आणि वर सांगितलं तसं हा फरक छोटा नाही.

आणि हातात आधीच थंड टॉर्च असेल तर ती टाकून देऊ नका. फोटोग्राफीचं सामान मिळतं तिथे सीटीओ नावाच्या नारिंगी जेल शीट मिळतात. पाव, अर्धी, पूर्ण हे तिच्या गडदपणाचे प्रकार, शीटचे तुकडे नाहीत. पाव सीटीओ लावली तर ६५०० चे साधारण ४६०० होतात, अर्धी लावली तर ३८००, आणि पूर्ण लावली तर ३२००. इथे पण मायरेडचाच हिशोब असतो, अर्धी सीटीओ १०९ मायरेड वाढवते, म्हणून तीच शीट ५००० च्या टॉर्चवर लावली तर ३८०० नाही तर ३२०० च्या आसपास मिळतं. अपेक्षा मात्र बरोबर ठेवा, जेल नको असलेला निळा गाळते, एलईडीतून निघतच नसलेला लाल ती आणू शकत नाही, त्यामुळे डोळ्याला आराम मिळेल पण मीटर रूममधली लाल वायर त्याने लाल होणार नाही. लाईट गेल्यावर, तंबूत, रात्री पुस्तक वाचायला एवढ्यासाठी एकदम छान चालते, आणि एका शीटमधून अख्ख्या ग्रुपच्या टॉर्च होतात. काचेच्या मापाचा गोल कापायचा, टॉर्चची पुढची कड उघडत असेल तर काचेच्या आतून बसवायचा नाहीतर बाहेरून पारदर्शक टेपने, आणि मोठ्या पॉवरच्या टॉर्चवर जेल असताना टर्बो लावायचा नाही, वितळते.